अर्धी पोकळ, अर्धी भरीव

कापडाच्या दुकानात अंगाला येतंय की नाही ते बघायला एक पडदा लावलेली खोली असते. चपलेच्या दुकानात निदान पाठ फिरवून पाय पुढे करता येतो. वाद्याच्या दुकानात असला कुठलाच आडोसा नाही. तिथं मालक स्टूल पुढे सरकवतो, वाद्य मांडीवर ठेवतो, ‘‘वाजवून बघा की,’’ म्हणतो आणि स्वतः हात बांधून उभा राहतो. त्या क्षणी आयुष्यभरात शिकलेलं सगळं बोटांतून निघून जातं. घरी एकट्यानं बसून जे बरं वाजतं, ते दुकानात दर्शनाच्या रांगेतल्या लहान मुलासारखं गर्दीत हात सोडून कुठेतरी हरवतं. माझ्या वयाच्या माणसाची अडचण तर जास्तच. कोपऱ्यात तीन-चार पोरं आधीच बसलेली असतात. त्यांची बोटं तारांवरून पळत असतात, डोळे मिटलेले असतात. आणि मी घसा खाकरतो, जणू मला गायचंच आहे.

मला हवी होती ती गिटार जराशी विचित्र जातीची. तरुणपणी गणेशोत्सवातल्या एका ऑर्केस्ट्रात ती पहिल्यांदा पाहिली. गायक कोण होता, गाणी कुठली होती, यातलं काही आठवत नाही. पण मागच्या बाजूला, ढोलकीवाला आणि कीबोर्ड यांच्या मधल्या सांदीत उभ्या असलेल्या एका किडकिडीत माणसाच्या गळ्यात ती होती. चेरीच्या रंगाची, रुंद खांद्यांची, अंगावर व्हायोलिनसारखी दोन वळणदार भोकं असलेली. बाकीच्या इलेक्ट्रिक गिटारी तेव्हा शिंगं काढून उभ्या असायच्या. ही मात्र कुणा खानदानी घरातून वाट चुकून मंडपात आल्यासारखी वाटत होती. आवाजही तसाच होता, चढा असून गोल. पुढे कळलं, की हिला सेमी-हॉलो म्हणतात. म्हणजे अर्धी पोकळ. मग राहिलेल्या अर्ध्यात काय असतं, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला.

त्यात असतो लाकडाचा ठोकळा. पोकळ पेटीची गिटार विजेच्या आवाजाला जोडली, की ध्वनिवर्धकातून निघालेला आवाज परत पेटीत शिरतो, पेटी कापते, ते कापणं पुन्हा तारांखालचा पिकअप उचलतो, आणि ही साखळी वाढत जाऊन शेवटी एकच हंबरडा उरतो. याला उपाय म्हणून लेस पॉल नावाच्या अमेरिकन वादकानं १९४०च्या सुमाराला न्यूयॉर्कमधल्या एपिफोनच्या कारखान्यात, सुटीच्या दिवशी कारखाना रिकामा असताना, चार इंच बाय चार इंचांचा पाइनचा एक ठोकळा घेतला, त्याला गिटारची मान जोडली, तारा ताणल्या आणि वाजवला. हंबरडा गेला. त्यानंच पुढे सांगितलेली गोष्ट अशी, की तो ठोकळा घेऊन वाजवायला गेल्यावर लोक गप्प बसले. मग त्यानं एक जुनी गिटार उभी कापून तिचे दोन अर्धे ठोकळ्याच्या दोन बाजूंना पंखांसारखे चिकटवले. वाजत होता तोच ठोकळा. पंख नुसते शोभेचे. पण आता लोकांना ते आवडू लागलं. श्रोते डोळ्यांनी ऐकतात, हे त्या ठोकळ्यानं फार लवकर सिद्ध केलं. आमच्याकडं हे सिद्ध करायला ठोकळा लागला नसता. भगवी शाल पुरेशी होती.

गिब्सन कंपनीनं १९५८ साली ईएस-३३५ काढली, तेव्हा या थट्टेला रीतसर रूप आलं. दोन इंचांहूनही कमी जाडीचं अंग, मधोमध मानेपासून शेपटीपर्यंत मेपलचा भरीव कणा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना खऱ्याखुऱ्या पोकळ कुशी. ईएस म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश. स्पेनशी तिचा संबंध आमच्या शेवचिवड्याच्या दुकानावरच्या ‘बॉम्बे’ इतकाच. पण कल्पना मोठी समंजस होती. अंगात थोडी पोकळी ठेवायची, म्हणजे आवाजाला राहायला जागा मिळते. आणि मध्ये कणा ठेवायचा, म्हणजे त्या आवाजाचा आरडाओरडा होत नाही.

मी कुपवाडचा, म्हणूनही मला ती जवळची वाटली असेल. १९९८ साली तीन गावांची मिळून एक महापालिका झाली आणि तिचं नाव पडलं सांगली मिरज आणि कुपवाड शहर महानगरपालिका. आम्ही त्या ‘आणि’च्या पलीकडे राहतो. सांगलीला १८४३ सालीच विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर करून नाटक देऊन ठेवलं होतं. मिरजेला गाणं मिळालं, डॉक्टर मिळाले आणि रेल्वेचं जंक्शन मिळालं. वाटणीत कुपवाडला एमआयडीसी आली. त्याबद्दल तक्रार नाही. आमच्याकडं लेथचा सूर लागतो, प्रेसचा ठेका असतो, फौंड्रीतून खर्ज येतो, आणि शिफ्टचा भोंगा रोज समेवर पडतो. धड शहर नाही, गाव तर नाहीच. एका बाजूला उसाचा फड आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याची शेड. आतून निम्मं पोकळ, निम्मं भरीव असलेल्या वाद्याकडं आम्ही परकेपणानं बघावं तरी कसं?

तर दुकान. ते जिल्ह्यातलंच, नाव सांगत नाही. बरोबर पुतण्या होता. त्याला गिटार येते, आणि मला येत नाही हेही त्याला येतं. मालकानं भिंतीवरून ती काढली. चेरीचाच रंग. गिब्सन नव्हे, गिब्सनच्या किमतीत आमच्याकडं मोटारसायकल येते आणि वर हेल्मेटही मिळतं. तिचीच एक लांबची, गरीब, पण नाकीडोळी नीट असलेली नातेवाईक. मी ती मांडीवर घेतली आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे तिच्या पोटावर टिचकी मारली. मडकं वाजवून घ्यावं, ही आमच्या घरची शिकवण. पोरं हसली. पुतण्या कानाशी येऊन म्हणाला, ‘‘काका, ही इलेक्ट्रिक आहे. केबल लावू दे.’’ पण मडक्याचा नियम इथं लागू पडला होता. कडेला टिचकी मारली की ‘डुब्ब’, मधोमध मारली की ‘टक’. एकाच अंगात दोन स्वभाव. शिवाय केबल लावण्याआधीही तिच्या तारा बोलत होत्या. हळू, उशीत तोंड खुपसून बोलावं तशा, पण बोलत होत्या. भरीव गिटारी विजेशिवाय जवळजवळ मुक्याच असतात. ज्या गावात पहिल्या वळवाला वीज जाते, तिथं हा गुण लहान नव्हे.

वाजवायचं काय, हा मात्र मोठा प्रश्न होता. देशातल्या गिटारच्या सगळ्या दुकानांना एक गाणं तोंडपाठ असणार, १९७३च्या ‘यादों की बारात’मधलं ‘चुरा लिया है’. काचेच्या पेल्याच्या किणकिणीनंतर येणारे ते गिटारचे सूर शिकलेला माणूस आयुष्यात बाकी काही शिकला नाही तरी चालतं. मालकानं ते इतक्यांदा ऐकलं असेल, की मी पहिला सूर लावल्यावर त्यानं दुसऱ्या सुरापाशी जांभई दिली. मी थांबलो. मग मी जे केलं, त्याचं पुतण्याला अजून वाईट वाटतं. मी काहीच वाजवलं नाही. चौथी तार मोकळी छेडली आणि ती विझेपर्यंत ऐकत बसलो. पुन्हा छेडली. पुन्हा ऐकली. कोपऱ्यातल्या पोरांची बोटं थांबली. त्यांना वाटलं, हा म्हातारा एकतर फार मोठा आहे किंवा याला काहीतरी होतंय.

मी ऐकत होतो ते असं : तार सुटताच नीट सूर येई, आणि मग त्याच्या मागोमाग, पदराला बारीक जर असावी तशी एक झिणझिण सुरू होई. सुराच्या कडेनं ती चालत राही आणि सूर बसल्यावरही क्षणभर मागं रेंगाळे. मालकाच्याही कानावर ते आलं. ‘‘बझ मारतंय थोडं,’’ तो ओशाळून म्हणाला. ‘‘नटमध्ये खाच खोल गेलीय. तार पहिल्या पट्टीला घासती. सेटिंग करून देतो, नायतर दुसरा पीस मागवतो.’’ त्याच्या दृष्टीनं तो दोष होता, आणि गिटारच्या शास्त्रात तो दोषच आहे. पण माझे कान गिटारच्या शास्त्रावर वाढलेले नाहीत. ते पलीकडच्या मिरजेत वाढले.

माझी आत्या गायची. म्हणजे देवघरात गायची, आणि आरती संपल्यावर दहा मिनिटं जास्त गायची, एवढंच. एका दिवाळीनंतर तिनं साठवलेले पैसे पदरात बांधले आणि मला सोबतीला घेऊन मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरा घ्यायला गेली. मी लहान होतो. दुकानात शिरल्यावर पहिल्यांदा दिसले ते भोपळे. छताला, भिंतीला, कोनाड्यात, वाळलेले, हलके, प्रचंड. एखाद्या राक्षसाच्या मुलांची खेळणी आवरून ठेवावीत तसे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतात ते खास वाढवतात. तो भोपळा कडू. भाजी व्हायच्या कामाचा नाही, म्हणून गाण्याला मिळाला. कारागीर म्हातारा होता. हातातलं काम खाली न ठेवता त्यानं विचारलं, ‘‘कोण गाणार?’’

आत्यानं मागं वळून बघितलं, दुसरं कुणी आहे का. तिला असा प्रश्न कुणी कधी विचारला नव्हता. ‘‘मीच,’’ ती म्हणाली, चोरी कबूल करावी तशी. बायकांच्या गळ्याचा तंबोरा वेगळा, पुरुषांचा वेगळा. भोपळ्याचा घेर निराळा, दांडीची लांबी निराळी. म्हणून गळा कळल्याशिवाय तिथं वाद्य दाखवतच नाहीत. ‘‘मग लावा की आपला सा,’’ तो म्हणाला. गिऱ्हाईकानं वाद्य पारखायचं, ही आमची समजूत. त्या गल्लीत आधी वाद्य गिऱ्हाईक पारखून घेतं. आत्यानं डोळे मिटून सा लावला. रस्त्यावरून एक टांगा गेला. कारागिरानं मान हलवली नाही की वाहवा केली नाही. नुसता उठला, मागच्या रांगेतला एक तंबोरा काढला आणि खुंट्या पिळू लागला.

मग त्यानं सुताचे चार तुकडे घेतले. तार आणि घोडी यांच्या मध्ये एकेक सरकवून तो ते केसाएवढं पुढे, केसाएवढं मागं करू लागला. एका जागी तार नुसती तार होती. दोरा जरा हलला, आणि ती एकदम उजळली. दुसरा शब्द मला आजही सापडलेला नाही. एका सुरातून सुरांची माळ ओघळू लागली. ही जवारी. घोडीची वरची बाजू सपाट दिसते, पण तिला नजरेला न कळणारा उतार असतो; कापणारी तार त्या उतारावर टेकत-सुटत जाते, आणि त्या स्पर्शातून वरचे सूर जागे होतात. तो उतार काढण्यात माणसाचा जन्म जातो. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कलकत्त्यात याचा अभ्यास मांडला. तार ज्या जागी छेडली, त्या जागी ज्या वरच्या सुरांची गाठ पडते ते उमटू नयेत, असा युरोपातला नियम होता. तंबोऱ्यातून ते खुशाल उमटत होते. मिरजेच्या गल्लीला हे माहीत होतं. फक्त तिथं कुणी निबंध लिहिला नाही, घोडी घासली.

आणि घासणारे हात कुणाचे, तर शिकलगारांचे. तलवारी-भाल्यांना धार लावणारी ही माणसं. राज्यं गेली, हत्यारांचं काम बसलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तंतुवाद्यं करायला घेतली. पटवर्धन संस्थानिकांच्या दरबारात गाणं-बजावणं होतंच. पातं घासून घासून ज्या बोटांना लोखंडाची कड कळत होती, त्याच बोटांनी घोडीचा उतार ओळखायला सुरुवात केली. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत येऊन राहिले. १९३७ मध्ये दक्षिणेत प्रवासात त्यांचं निधन झालं, तेव्हा त्यांना मिरजेलाच आणून मीरासाहेबांच्या दर्ग्यात दफन केलं. अजून उरसात तिथं त्यांच्या आठवणीत गवई गातात. २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेपरात फोटो आला. त्यात भोपळे अगदी तसेच टांगलेले होते.

आत्या पुढे फार गायली असं नाही. सासूचं आजारपण, पोरांच्या परीक्षा. तंबोरा गवसणीत असे. पण दर दसऱ्याला ती गवसणी काढून दोरे जागेवर लावी आणि आधी स्वयंपाकघराचं दार लावून घेई. आम्ही दाराला कान लावून बसत असू. गाणं सुरू व्हायच्या आधीचे ते काही क्षण, नुसत्या झिणझिणीचे, मला तिच्या गाण्याहून जास्त आवडत. हे तिला मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती रागावली असती, आणि मग बहुधा हसली असती.

तर अशा कानांसमोर तो दुकानदार म्हणत होता, बझ मारतंय. ‘‘असू दे,’’ मी म्हणालो. ‘‘हीच द्या.’’ त्यानं पुतण्याकडं पाहिलं. पुतण्यानं छताकडं पाहिलं. दोष पसंत पडलेलं गिऱ्हाईक दुकानदाराच्या आयुष्यात रोज येत नसावं. त्याच्या चेहऱ्यावर आधी आनंद उमटला, मग संशय, आणि शेवटी त्यानं आपणहून किंमत कमी केली, वर एक पट्टा आणि तारांचा जोड फुकट दिला. इतकं होऊनही अ‍ॅम्प्लिफायरला जोडून बघायचा पुतण्याचा आग्रह सुटला नाही. जोडली. मी उत्साहानं आवाज वाढवला आणि स्पीकरकडं तोंड करून बसलो, तशी तिनं कण्याची सगळी शिस्त सोडून हंबरडा फोडला. ती अर्धी का होईना, पोकळच. बी. बी. किंगसारखा नामवंत वादकही आपल्या गिटारच्या भोकांत फडकी कोंबत असे, आणि १९८० साली गिब्सननं त्याच्या नावाची ल्युसिल ही गिटार काढली ती भोकंच नसलेली. मला मात्र ती भोकं पाहिजेत. आत बघायला काहीतरी जागा असलेली बरी.

घरी आणल्यावर बायकोनं विचारलं, ‘‘वाजवता येते का?’’ मी म्हटलं, ‘‘ऐकता येते.’’ तिनं यावर पुढे चौकशी केली नाही. पुतण्या मात्र रोज आला की ती उचलून दोन-चार गती वाजवी आणि पाचव्या तारेपाशी तोंड वाकडं करी. मलाही आता मान्य करायला हवं होतं, की झिणझिण सगळ्याच तारांची सारखी नव्हती. चौथी तार जर लावल्यासारखी होती. तिसरी आणि पाचवी मात्र पत्र्यावर खिळा ओढल्यासारख्या वाटत, आणि पत्र्याचा आवाज आमच्याकडं आधीच मुबलक आहे. मग मी तिला खोळीत घातली, स्कूटरवर पुढ्यात घेतली आणि गेलो मिरजेला, त्याच गल्लीत.

दुकान तेच होतं की शेजारचं, खात्री नाही. आत म्हातारा कारागीर होता, पण तो अर्थातच तो नव्हे. त्याच्याच घरातला असेल, हाताची ठेवण तशीच. कोपऱ्यात एक पोरगा मोबाइलवर कुणाला तरी परदेशात सतार दाखवत होता. म्हाताऱ्यानं माझी गिटार मांडीवर उभी धरली, तंबोऱ्यासारखी, आणि एकेक तार छेडत गेला. एकीपाशी थांबला, पुढे गेला, परत आला.

‘‘ही कुठनं आणली?’’

सांगितलं.

‘‘तिसरी आन पाचवी घासतीया,’’ तो म्हणाला. ‘‘खाच भरून नीट करून देतो.’’ मग चौथी छेडली आणि कान जवळ नेला. ‘‘हिला हात लावत न्हाई. ही बोलतीया.’’

मला भरून आलं. आत्या आठवली, असं त्याला सांगावंसं वाटलं, पण त्याच्या तोंडात तोवर कानस होती. काम पाच-सात मिनिटांचं. कानशीचा भुसा फुंकरून त्यानं गिटार उलटी केली, सुलटी केली, व्हायोलिनच्या त्या दोन भोकांपैकी एकातून एक डोळा मिटून आत पाहिलं, आणि पोटावर आधी कडेला, मग मधोमध टिचकी मारली.

‘‘मध्ये काय भरलंय?’’

‘‘लाकूड.’’

‘‘आन बाजूला?’’

‘‘बाजूला पोकळ आहे.’’

त्यानं गिटार माझ्याकडं परत केली, पैसे घेतले, भोपळ्यांकडं एकदा बघितलं. ‘‘ते एक कायतर ठरवायचं हुतं की त्यांनी,’’ तो म्हणाला आणि पुढची घोडी घासायला घेतली.